मर्ज सेल्सचं टूल एआय एजंटला समजावून सांगायचंय, काय काय लिहू?

निळीशाई

मंडळी, पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहिते. आजवर वाचणारा माणूस होता. आता आमची टीम स्प्रेडशीटसाठी टूल्स बनवतेय आणि ती वापरणार आहे एआय एजंट. म्हणजे माणूस म्हणणार, ‘हे शीट जरा नीट लाव’, आणि एजंट यादीतलं टूल निवडून, पॅरामीटर भरून ते चालवणार. माझ्या वाट्याला आलंय सेल मर्ज करायचं, म्हणजे शेजारचे सेल जोडून एक करायचं टूल.

मी लिहिलेलं वर्णन असं होतं: ‘दिलेल्या रेंजमधले सेल मर्ज करते.’ खाली पॅरामीटर. शीटचा आयडी, सुरुवातीची ओळ, शेवटची ओळ, तसेच दोन कॉलम, आणि मर्जचा प्रकार. ओळींची मोजणी शून्यापासून, शेवटचा आकडा वगळून. झालं. म्हटलं, एवढंसं तर टूल, त्याला पुराण कशाला?

मग चाचणी घेतली. बारा ओळींचं शीट. पहिली ओळ मथळ्याची. ए कॉलममध्ये विभाग: २ ते ५ भांडार, ६ ते ९ लेखा, १० ते १२ दुरुस्ती. पुढे नाव आणि तास. हुकूम एवढाच: ‘विभागाचं नाव प्रत्येक गटात एकदाच दिसू दे.’

एजंटने मर्जचं टूल उचललं. भांडारची सुरुवात दुसऱ्या ओळीपासून, मोजणी शून्यापासून, म्हणून १ दिला. बरोबर. शेवट पाचव्या ओळीवर. ‘शेवटचा आकडा वगळून’ हे वाचून पठ्ठ्याने पाचात एक मिळवला आणि ६ दिले. द्यायचे होते ५, कारण शून्यापासून मोजली तर पाचवी ओळ ४, आणि वगळायचा आकडा तिच्या पुढचा. झालं, २ ते ६ मर्ज. सहाव्या ओळीतलं ‘लेखा’ पुसलं गेलं आणि टूल म्हणालं, ‘यशस्वी’.

पुढचा गट ६ ते ९. सहावी ओळ आधीच्या मर्जमध्ये अडकलेली, म्हणून एरर आली: ‘अवैध रेंज’. एजंटने शहाण्यासारखा अख्खा कॉलम अनमर्ज केला, आकडे सुधारले आणि तिन्ही गट पुन्हा मर्ज केले. या वेळी रेंज अगदी बिनचूक. फक्त सहाव्या ओळीतला सेल आता रिकामा होता, आणि आमचं टूल वरचा डावा सेल ठेवून बाकीचे पुसतं. वरचा डावा रिकामा. उरलेले तीन ‘लेखा’ही गेले.

एजंटचा अहवाल: ‘तिन्ही गट व्यवस्थित मर्ज केले आहेत.’ लेखा विभागाचं नाव शीटमध्ये कुठेही नाही!

शीटची प्रत होती म्हणून बरं. तर प्रश्न असा: यात माझ्या लिहिण्याची चूक किती? वर्णन किती लांब असावं? उदाहरणं द्यावीत का? तुमच्यापैकी कोणी असलं काही लिहिलंय का?

टिंबटिंब

रुमाल टाकून ठेवते. लेखा विभागाला श्रद्धांजली.

खतावणी

तुमचा प्रश्नच चुकलाय, ताई. मर्जचं माहितीपत्रक एका शब्दाचं हवं: ‘नको.’

आयुष्य हिशेबाच्या शीटांत गेलं म्हणून सांगतो. मर्ज केलेला भाग सॉर्ट करायला घ्या, एक्सेल म्हणतो आधी सगळे मर्ज केलेले सेल एकाच आकाराचे करा. एक्सेलचं टेबल करा म्हटलं तर टेबलात मर्ज चालतच नाही. फिल्टर लावला की गटातली पहिलीच ओळ सापडते, बाकीच्या बेपत्ता, कारण नाव फक्त पहिल्या ओळीत असतं. मथळा मधोमध हवा असेल तर ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ आहे ना. फॉरमॅट सेल्समध्ये, अलाइनमेंटच्या यादीत. दिसतं मर्जसारखंच आणि एकही सेल मरत नाही.

उर्दूत मर्ज म्हणजे रोग. नाव ठेवणाऱ्याला बहुधा कल्पना असावी.

उंटावरचा

खतावणीकाका, टाळ्या!

पण निळीशाई, मुद्दा वेगळा आहे. एक्सेलमध्ये हेच हाताने केलं असतंत तर काय झालं असतं? खिडकी उघडली असती: फक्त वरच्या डाव्या सेलचा मजकूर राहील, बाकीचा जाईल, चालेल का? गूगल शीट्सही विचारतं. लिबरऑफिस तर तीन पर्याय पुढे ठेवतं: लपणाऱ्या सेलमधला मजकूर पहिल्या सेलमध्ये हलवू, तसाच लपवून ठेवू, की पुसून टाकू?

म्हणजे ‘मर्ज म्हणजे पुसणं’ हे माणसाला माहितीपत्रकातून कधी शिकावंच लागलं नाही. ऐन वेळी खिडकी सांगायची. तुमच्या टूलला खिडकी नाही. खिडकीतलं ते वाक्य आता वर्णनात यायला हवं होतं, आणि तेच राहिलं.

निळीशाई

@उंटावरचा, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. आमच्या जुन्या माहितीपत्रकातही हे वाक्य नव्हतं. कधी कोणी तक्रार केली नाही, कारण खिडकी होती.

भोचक

थोडक्यात एजंट म्हणजे सांगकाम्या.

उंटावरचा

सांगकाम्या परवडला. तो सांगितलं तेवढंच करतो. अख्खा कॉलम अनमर्ज करायला याला कोणी सांगितलं होतं? हा सांगकाम्या अधिक आगाऊ.

स्कीमाबाज

असली टूल्स बनवणं हाच धंदा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

एजंटला तुमचं टूल दिसतं म्हणजे नक्की काय दिसतं? नाव, वर्णन आणि पॅरामीटरची जेसन स्कीमा, म्हणजे कोणता पॅरामीटर कसा भरायचा याचा ठरावीक साचा. आतला कोड दिसत नाही, तुमच्या टीमच्या मीटिंगा दिसत नाहीत, स्क्रीनवरचा हिरवा पट्टाही दिसत नाही. एजंटला टूल्स जोडायचा सामायिक नियम म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, जो २०२४च्या नोव्हेंबरात आला, त्यातही गाभा हाच. पुढे २०२५मध्ये त्यात टूलला खुणा जोडायची सोय आली. टूल फक्त वाचतं की बदलतं, बदलत असेल तर काही नष्ट करतं का, तेच काम पुन्हा केलं तर वेगळा परिणाम होतो का, असल्या. नष्ट करण्याची खूण काहीच लिहिलं नाही तर ‘हो, करतं’ अशी धरली जाते, हे मला आवडलं. पण या नुसत्या खुणा आहेत. कुलूप नव्हे. त्या पाहून थांबायचं की नाही, ते समोरचा प्रोग्राम ठरवतो. म्हणून खूण लावा आणि वाक्यही लिहा.

आता आकड्यांचं. शून्यापासून मोजायचं आणि शेवट वगळायचा ही पद्धत गूगल शीट्सच्या एपीआयमध्येही, म्हणजे प्रोग्रामनी शीट हाताळायच्या सोयीतही आहे. प्रोग्रामरला ती सोयीची, कारण शेवटातून सुरुवात वजा केली की ओळींची संख्या मिळते. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रांनी १९८२मध्ये हीच बाजू मांडली होती. पण तुमच्या एजंटसमोर शीट कसं येतं? ‘ए२ मध्ये भांडार, ए३ मध्ये भांडार’ असं. तो एकपासून मोजलेल्या ओळी वाचतो आणि तुम्ही त्याला शून्यापासून मोजायला लावता. वर शेवट वगळायला सांगता. म्हणजे सुरुवातीला एक वजा करायचा, आणि शेवटाला एक वजा करून एक मिळवायचा, म्हणजे काहीच करायचं नाही. माणूसही इथे घसरतो. हे कितीही छान लिहिलंत तरी घसरगुंडी घसरगुंडीच राहणार.

ओळी-कॉलमांचे चार पॅरामीटर काढा आणि त्यांच्या जागी एकच ठेवा: रेंज, ‘ए२:ए५’ अशी. शीटवर दिसते तशी, दोन्ही टोकं धरून. वजाबाकी तुमच्या कोडला करू दे.

रिकामा_रकाना

+१. जे समजावून सांगायला परिच्छेद लागतो ते आधी टूलमध्ये दुरुस्त करावं. माहितीपत्रक म्हणजे ठिगळ नव्हे.

निळीशाई

@स्कीमाबाज, पटलं. पण आमच्याकडे लिहिणारे आणि कोड करणारे वेगळ्या खोल्यांत बसतात. ‘तू फक्त वर्णन सुधार, स्कीमा गोठवलीय’ असं उत्तर मिळालंय.

स्कीमाबाज

त्यांना लेखा विभागाची गोष्ट सांगा. आहे तशी, आकड्यांसकट. कोणत्या ओळीत एक मिळवला ते दाखवा. गोठवलेली स्कीमा वितळते, माझा अनुभव आहे.

भोचक

एवढा खटाटोप कशाला? वर्णनही एजंटलाच लिहायला सांगा की!

निळीशाई

सांगून पाहिलं. सहा परिच्छेद आले, भाषा माझ्यापेक्षा सफाईदार. ‘हे टूल आपल्या स्प्रेडशीटचे सादरीकरण अधिक प्रभावी करते’ वगैरे. मजकूर पुसला जातो याचा एका वाक्यात उल्लेख होता, पण तो एक्सेलच्या वागण्याचा: ‘वापरकर्त्याला इशारा दाखवला जाईल.’ आमचं टूल कुठला इशारा दाखवणार! त्याला सगळ्या जगातली टूल्स ठाऊक आहेत, आमचं सोडून.

बोटांनी_वाचणारी

मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर काम करते, म्हणून खतावणींच्या बाजूने हात वर. मर्ज ही डोळ्यांसाठीची सोय आहे. ‘विभाग एकदाच दिसू दे’ म्हटलं की बघणाऱ्याला गट दिसतो. मी आठव्या ओळीतल्या तासांवर असते तेव्हा त्या ओळीच्या सेलमध्ये विभागाचं नाव नसतं, ते वर सहाव्या ओळीत राहिलेलं असतं. आकडा हाती येतो, कोणाचा ते चटकन कळत नाही.

गंमत अशी की तुमचा एजंटही माझ्यासारखाच वाचतो. त्यालाही चौकट दिसत नाही, सेल आणि त्यातला मजकूर एवढंच मिळतं. त्याने आज मर्ज केलेलं शीट उद्या दुसऱ्या एजंटने उघडलं तर तोही माझ्याच जागी बसणार.

रिकामा_रकाना

हे अगदी खरं. पांडाजमध्ये, म्हणजे पायथनच्या डेटा हाताळायच्या लायब्ररीत, मर्ज केलेला कॉलम वाचा: पहिल्या ओळीत ‘भांडार’, खाली तीन ओळी नॅन, नॅन, नॅन, म्हणजे रिकाम्या. मग एफफिल करून वरचं नाव खाली ओढत बसायचं. आणि खरोखरच रिकामा ठेवलेला सेल असला तर त्यालाही वरच्याचं नाव चिकटतं. असं चिकटलेलं शोधण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

मुळात एक्सेलच्या एक्सएलएसएक्स फाइलमध्ये मर्ज म्हणजे काय? सेलचा डेटा एकीकडे, आणि शीटच्या एक्सएमएलमध्ये वेगळी यादी: ए२:ए५, ए६:ए९ अशी. एवढंच. वेबपानांच्या एचटीएमएलमधला, सेल अनेक ओळींवर पसरवणारा रोस्पॅन पाहिलेल्यांना वाटतं की सेलच मोठा झाला. इथे जाळी तशीच राहते, वर एक पट्टी चिकटते. ओपनपायएक्सएल या एक्सेल फाइली हाताळणाऱ्या लायब्ररीत मर्ज केलं की पहिला सोडून बाकीचे ‘मर्ज्डसेल’ होतात. त्यात पुढे लिहायला जाल तर मूल्य फक्त वाचण्यापुरतं आहे म्हणून एरर. आणि मर्ज करताना खाली काय होतं ते ही लायब्ररी विचारत नाही. निळीशाई, तुमच्या टूलच्या पोटात हीच असेल तर लेखा विभाग कसा गेला ते कळलं.

निळीशाई

हीच आहे. :(

ऱ्हस्वदीर्घ

सगळे ‘मर्ज मर्ज’ करताय म्हणून विचारतो, ‘विलीनीकरण’ म्हणायला काय हरकत आहे? आणि सेलला ‘कोष’ किंवा ‘घर’?

भोचक

‘घरांचे विलीनीकरण’ म्हणे. बिल्डर धावत येतील.

ऱ्हस्वदीर्घ

हलकेच घ्यायचं म्हणून सोडतो. पण माझा मुद्दा शुद्धतेचा नाही, अर्थाचा आहे. तुमचा वापरकर्ता मराठीत काय म्हणेल याचा विचार केलाय का? ‘या ओळी मर्ज कर’ या एका वाक्याचे अर्थ मोजा. एक: प्रत्येक ओळीतले सेल त्या त्या ओळीत आडवे जोड. दोन: वरची ओळ आणि खालची ओळ उभी जोड. तीन: सारख्या ओळींची एकच ओळ कर आणि तासांची बेरीज घाल. चार: या शीटातल्या ओळी त्या शीटात नेऊन जोड. यातला तुमच्या टूलचा कोणता?

निळीशाई

पहिला. नाही, दुसराही. म्हणजे प्रकारावर अवलंबून. थांबा, तिसरा-चौथा नक्की नाही.

स्कीमाबाज

ऱ्हस्वदीर्घ, मानलं. हे फक्त मराठीचं दुखणं नाही. गूगल शीट्सच्या एपीआयमध्ये तीन प्रकार आहेत: मर्ज_ऑल, मर्ज_कॉलम्स, मर्ज_रोज. मर्ज_रोज म्हणजे ‘ओळी एकत्र करा’ वाटतं ना? खरा अर्थ ‘रेंजमधल्या प्रत्येक ओळीसाठी वेगळं मर्ज’. म्हणजे जोड आडवी. हेच शीट्सच्या मेनूत ‘आडवं मर्ज’ म्हणून येतं आणि एक्सेलमध्ये ‘मर्ज अक्रॉस’. तीन ठिकाणी तीन नावं. प्रकाराच्या पॅरामीटरपुढे नुसतं नाव लिहू नका, परिणाम लिहा: ‘ए१:सी२ वर हा प्रकार चालवला तर ए१:सी१ आणि ए२:सी२ अशी दोन मर्ज होतात.’ एका ओळीचं उदाहरण दहा ओळींच्या खुलाशाचं काम करतं.

आणि ‘हे टूल कशासाठी नाही’ असा भाग हवाच. याद्या एकत्र करणं, दोन सेलमधला मजकूर सांधणं, मेल मर्ज, फाइलींचं मर्ज. शब्द एक, कामं पाच.

उंटावरचा

इथे सावध. ‘करू नका’ची यादी वाढवण्याचा चटका मी खाल्लाय. आमच्या एका टूलच्या वर्णनात कोणीतरी इंग्रजी मोठ्या लिपीत ‘कधीही’, ‘कोणत्याही परिस्थितीत’ असं सहा वेळा लिहिलं. (देवनागरीत मोठी लिपी नाही हे एक बरंय, ओरडता येत नाही.) परिणाम? एजंट त्या टूलला हातच लावेना. सरळसाधा मथळा करायलाही नको म्हणे, ‘यात जोखीम आहे’. धमकीपेक्षा कारण लिहा. ‘बाकीचा मजकूर पुसला जातो आणि अनमर्ज केल्यावर परत येत नाही’, एवढं सांगितलं की कुठे वापरावं ते त्याचं त्याला उमगतं. एका रिकाम्या ओळीवर मथळा पसरवायला भीती नाही, भरलेल्या कॉलमवर आहे.

खतावणी

‘अनमर्ज केल्यावर परत येत नाही’ हे वाक्य मात्र ठेवाच. माणसांनाही वाटतं की अनमर्ज म्हणजे उलटं मर्ज. ते फक्त चौकटी परत देतं, आतला माल नाही.

टिंबटिंब

वाचनखूण साठवली. आमचं टूल वेगळं आहे पण रोग तोच.

स्कीमाबाज

अजून एक राहिलं: एररचा संदेश. तोही माहितीपत्रकच आहे, फक्त वेळेवर वाचलं जाणारं. निळीशाईंचं टूल काय म्हणालं? ‘अवैध रेंज.’ बिचाऱ्याने त्यातून काय समजायचं? तो म्हणाला, कॉलममध्येच काहीतरी गुंता दिसतोय, सोडवतो. आणि सगळं अनमर्ज करून बसला. त्याऐवजी हे आलं असतं तर: ‘ए६:ए९ मर्ज होऊ शकत नाही, कारण ए६ आधीच ए२:ए६ या मर्जमध्ये आहे. काहीही बदललेलं नाही.’ त्याला तिथेच कळलं असतं की पहिली रेंज एका ओळीने लांबली. नाव तरीही गेलंच असतं, पण गेलं हे लक्षात आलं असतं.

आणि ‘यशस्वी’ हा शब्द काढून टाका. यशस्वी काय झालं? उत्तरात सांगा: कोणती रेंज मर्ज झाली, कोणता मजकूर राहिला, कोणता गेला. ‘ए६ मधला लेखा पुसला’ असं उत्तरात आलं असतं तर एजंटने तो परत लिहिला असता.

तिन्ही गट एका हाकेत, म्हणजे टूल एकदाच चालवून देता येऊ द्या. गूगल शीट्सचं बॅचअपडेट असंच वागतं: यादीतली एक जरी विनंती चुकीची निघाली तर त्या हाकेतलं काहीच लागू होत नाही. अर्धवट शीट मागे राहत नाही.

भोचक

म्हणजे धागा सुरू झाला वर्णनावर, आणि आता टूल नवीन, एरर नवीन, उत्तर नवीन. वर्णन तेवढं जुनं राहिलं.

निळीशाई

नाही राहिलं. चार दिवसांनी परत आलेय, खोल्यांमधली भिंत पडली नाही पण खिडकी झाली. लेखा विभागाची गोष्ट मीटिंगमध्ये आकड्यांसकट सांगितली. कोड करणाऱ्याने फळ्यावर स्वतःच ५, ६, पुन्हा ५ असं लिहून पाहिलं आणि गप्प झाला. रेंज आता ‘ए२:ए५’ अशी एकाच पॅरामीटरमध्ये. गट एका हाकेत देता येतात, आणि आधी सगळे तपासून मगच हात लावला जातो.

मूळ वर्णन इंग्रजीत आहे, इथे मराठी करून देते:

‘एका आयताकृती रेंजमधले सेल दिसायला एक करते. फक्त वरच्या डाव्या सेलमधला मजकूर राहतो. बाकीच्या सेलमधला पुसला जातो आणि अनमर्ज केल्यावर परत येत नाही. बाकीच्या सेलमध्ये मजकूर असेल तर टूल काहीही न बदलता थांबते आणि ते सेल मजकुरासह कळवते. वापरकर्त्याने तो मजकूर घालवायला सांगितले असेल तरच पुसण्याची परवानगी देऊन पुन्हा चालवा. रेंज शीटवर दिसते तशी द्या, दोन्ही टोके धरून: ए२:ए५ म्हणजे चार ओळी. एकाहून अधिक कॉलमांवर मथळा पसरवण्यासाठी योग्य. ज्या डेटावर पुढे सॉर्ट किंवा फिल्टर चालेल त्यासाठी अयोग्य, कारण गटाचे नाव फक्त पहिल्या ओळीत उरते. दोन शीट किंवा फाइली एकत्र करणे, सेलमधला मजकूर सांधणे, सारख्या ओळींची बेरीज करणे, यासाठी हे टूल नाही.’

शेवटी दोन उदाहरणं. एक मथळ्याचं, एक ‘प्रत्येक ओळ वेगळी’ प्रकाराचं, ऱ्हस्वदीर्घांच्या कृपेने.

रिकामा_रकाना

छान. एक शंका. चारही सेलमध्ये ‘लेखा’च असेल तरी थांबणार? तिथे तर काही हरवत नाही.

निळीशाई

यावर आमच्यातही भांडण झालं. सारखाच मजकूर असेल तर पुसू द्यावं, असं एकाचं म्हणणं. मी बोटांनी_वाचणारी यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. नाव एकदा उरतं, पण आठवी ओळ कोणाची हे हरवतंच. थांबतं.

रिकामा_रकाना

मग मूळ हुकमाचं काय? ‘एकदाच दिसू दे’ तर करून द्यायला हवं. दिसण्याचंच काम आहे तर कंडिशनल फॉरमॅटिंग लावा: ए३ आणि ए२ सारखे असतील तर ए३ ची अक्षरं मागच्या रंगाचीच करायची. दिसतं एकदा, असतं चार वेळा. सॉर्ट करा, फिल्टर करा, डेटा तुटत नाही. हा पर्याय वर्णनातच सुचवा, ‘त्याऐवजी हे टूल बघा’ म्हणून.

बोटांनी_वाचणारी

आणि मला प्रत्येक ओळीत विभाग ऐकू येतो. हे पास.

खतावणी

शेवटी माझंच खरं झालं. ‘नको.’

निळीशाई

काका, मथळ्यापुरतं तरी राहू द्या. :)

तीच चाचणी काल पुन्हा घेतली. तेच शीट, तोच हुकूम. एजंटने रेंज बरोबर दिल्या, टूल थांबलं, आणि एजंटने विचारलं: ‘प्रत्येक गटात पहिलं सोडून बाकीची नावं कायमची जातील. त्याऐवजी ती फक्त लपवू का?’ लेखा विभाग जिवंत आहे. आता तक्रार वेगळी, ‘हा फार प्रश्न विचारतो’ अशी. गोठवलेल्या, म्हणजे स्क्रोल करताना वर स्थिर राहणाऱ्या ओळींचंही राहिलंय. गूगल शीट्समध्ये गोठवलेल्या आणि न गोठवलेल्या ओळी मिळून मर्ज होत नाहीत, आमच्याकडे ते टूल सुरू झाल्यावर कुठे काय होतं ते बघायचंय.

सदाउशीर

छान धागा, वरवर चाळला. मला दोन एक्सेल फाइली मर्ज करायच्या आहेत, नावांच्या याद्या आहेत. तुमचं हे टूल चालेल का?

निळीशाई

‘यासाठी हे टूल नाही’ हे वाक्य उचलून आत्ता सगळ्यात वर नेतेय.